नियम पाळणारी सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माझ्यावर एकदाच लिहिता येतं, म्हणून मला धांदल मुळीच खपत नाही.

२००६ साली मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, नीरजा मॅडमच्या छोट्या ऑफिसात माझा जन्म झाला. आसपासच्या बारा कारखान्यांचे संगणक लिनक्स या प्रणालीवर चालत. ती एका मोठ्या कंपनीची होती आणि सात वर्षं ती सांभाळण्याची कंपनीची हमी होती. त्यात नसलेली जास्तीची पॅकेजं, म्हणजे संगणकात बसवायला तयार असे प्रोग्रामचे संच, मॅडम तयार करायच्या आणि सीडीवर भरून पाठवायच्या. त्यांचा नियम कडक होता: आपलं पॅकेज कंपनीच्या मूळ पॅकेजची जागा घेणार नाही.

एके सकाळी शेजारच्या मासळीच्या शीतगृहाच्या मालकीण गुणवंतीकाकी घाईघाईनं आल्या. परदेशी गिऱ्हाइकाला तापमानाचा छापील तक्ता हवा होता. तो छापणाऱ्या प्रोग्रामला एक नवी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात असा सामायिक भाग, लागत होती. संगणकात होती जुनी.

“गो नीरजा, पाचला गाडी सुटायची हाय. कागद नाय तर तो माल घेनार नाय. जुनी काढ नि नवी घाल!”

“काकी, गारठा कमी झाला की वाजणारा तुमचा भोंगा त्या जुनीवरच चालतो. तो मुका झाला तर?”

“माझी सगली सुरमई हाय त्या गाडीत!”

“आणि बाकीचा माल शीतगृहात आहे. दोन्ही लायब्रऱ्या शेजारी-शेजारी ठेवते. पाचच्या आत देते.”

नवीला वेगळं नाव, वेगळी जागा. दोनदा पॅकेज बनलंच नाही. काकी दारात येरझाऱ्या घालत होत्या, मॅडमचा डबा तसाच पडला होता. तिसऱ्यांदा जमलं. मॅडमनी आधी स्वतःच्या संगणकावर तक्ता छापून पाहिला, भोंगाही वाजवून पाहिला, आणि मगच माझ्यावर लिहिलं. तिथून मी थेट शीतगृहाच्या संगणकात शिरले. पाचला वीस मिनिटं असताना काकींच्या हातात कागद पडला आणि गाडी सुटली.

गणपतीनंतर एका दुपारी शीतगृहाचं यंत्र बंद पडलं. भोंगा ठणाणा वाजला. काकींनी बर्फ मागवला, माल वाचला. संध्याकाळी दोन सुरमया घेऊन त्या आल्या.

“तुझा हट्ट बरा गो,” एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी मी बाराही कारखाने फिरले. पुढे इंटरनेट वेगवान झालं आणि मी खणात गेले. आता खणातून काढून माझ्यावर चहाचा कप ठेवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, नवं खुशाल जोडा. पण जुनं काढण्याआधी त्यावर कोण विसंबून आहे ते शोधा. गाडी दारात उभी असली, तरी शोधा.