चुन्याचा शेवटचा हात

मला जुनी म्हटलं तर तुम्ही हसाल, मित्रांनो, कारण मी जेमतेम तीन वर्षांची भट्टी आहे. पण तीन पावसाळे फ्लेक्सच्या आत कोंडून काढले की आपोआप म्हातारपण येतं. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका बैठ्या घराच्या मागे, कडुनिंबाशेजारी मी उभी आहे. माझ्यात पिझ्झा भाजतात. म्हणजे भाजायचे होते.

मला बांधलं ईरप्पांनी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेली त्यांची नात उत्कर्षा एकदा म्हणाली, "अज्जा, खरा पिझ्झा लाकडाच्या भट्टीतच होतो. तुम्हाला नाही जमायची ती बांधायला." ईरप्पांना ते लागलं. "न जमायला काय झालं? आमी अख्खी घरं बांदली की!" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी विटा आणल्या.

आधी विटांचा ओटा झाला. त्यावर ओल्या वाळूचा गोल ढीग, ढिगावर भिजवलेले पेपर आणि पेपरांवर लाल मातीचा जाड थर. माती सुकून आवळल्यावर उत्कर्षानं माझ्या तोंडातून हात घालून सगळी वाळू उकरून काढली आणि माझं पोट मोकळं झालं. मग भुसा कालवलेल्या मातीचा दुसरा थर बसला. पाच दिवस ईरप्पा माझ्या पोटात मूठमूठ काटक्यांचा बारीक जाळ करत बसले. उत्कर्षाला कुठला धीर! "वल हळूहळू भायेर यायला पायजे," ते तिला सांगायचे. "घाई केली की भट्टी तडकतीया."

सहाव्या दिवशी पहिला पिझ्झा झाला. एका बाजूनं पार करपला होता. ईरप्पांनी त्यावर शेंगाची चटणी भुरभुरली, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "ही तर नटवलेली भाकर की!" त्यांची बायको काशम्मा तोंडाला पदर लावून हसत राहिली. त्या दिवसाचा मला गर्व आहे, तो मी लपवणार नाही.

आता एकच काम राहिलं होतं, चुन्याचा हात. मातीची भट्टी पावसात विरघळते. वरून चुना-वाळूचा गिलावा दिला की ती टिकते आणि आतली ओलही बाहेर पडत राहते. ईरप्पांनी निळ्या पिंपात चुना भिजत घातला. "म्हयनाभर मुरू दे. वरचं पानी कमी पडू देऊ नगंस," असं त्यांनी काशम्माला बजावलं. उत्कर्षा पुण्याला परत गेली. त्यानंतर आठवडाही झाला नाही, एका सकाळी ईरप्पांच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत ते गेले.

गल्लीतल्या पोरांनी चौकात त्यांच्या फोटोचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. काही दिवसांनी उतरवला आणि घडी करून काशम्माच्या हातात दिला. आता तुम्हीच सांगा, नवऱ्याचा चेहरा असलेल्या फ्लेक्सचं बाईनं करायचं काय? टाकवत नाही, अंथरवत नाही. आभाळ भरून आलं होतं. तिनं तो माझ्यावर घातला आणि नायलॉनच्या दोरीनं खालपर्यंत करकचून आवळला. चेहऱ्याची बाजू मुद्दाम आत घेतली. "ह्येंच्या तोंडावर पानी नगं," एवढंच पुटपुटली.

तीन पावसाळे ईरप्पांचा चेहरा माझ्या कपाळाला टेकून होता. पाऊस बाहेर राहिला खरा, पण माझ्या अंगची ओल आतच राहिली. बुरशी धरली, मुंग्यांनी घर केलं, पाठीला बोटभर रुंद भेग गेली. मी एकटी होते मित्रांनो, फार एकटी. फोटो काही बोलत नाही. दर सोमवारी मात्र पिंपाचं झाकण वाजायचं आणि पाणी ओतल्याचा आवाज यायचा. चार पावलांवर माझं औषध मुरत होतं, आणि काशम्मा त्याला पाणी घालून तशीच घरात जायची. मला तिचा राग यायचा.

दहावी, मग बारावी, असं करत उत्कर्षा सुट्टीला आली ती थेट या उन्हाळ्यात. आल्या आल्या तिनं दोरी कापली. "अज्जी, ही सगळी ओली आहे! हिला केवढी भेग पडलीय! अजून एक पावसाळा नाही काढायची ही."

"मी तर झाकून ठिवली व्हती की गं," काशम्मा घाबरून म्हणाली.

"झाकलीस, पण वाऱ्याला जागाच नाही ठेवलीस. आणि चुना तयार होता ना? मग कुणाकडून तरी हात का नाही मारून घेतलास?"

काशम्मा पिंपाजवळ खाली बसली. "त्यो चुना त्येंच्या हातचा हाय. त्यो संपला की त्येंचं काम संपलं. मग सोमवारी मी पानी कशाला घालू?"

माझा राग तिथंच गेला.

पाच दिवस दोघींनी बारीक जाळ करून मला वाळवलं, भुसा-मातीनं भेग भरली. मग पिंप उघडलं. चुना लोण्यासारखा मऊ झाला होता. काशम्मानं हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या आणि जमीन सारवावी तसा चुना-वाळूचा हात माझ्या अंगावरून फिरवला. उत्कर्षानं वर चार खांबांवर पत्रा टाकून घेतला, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवून. फ्लेक्स मागच्या भिंतीला, पत्र्याखाली लावला, आता चेहरा बाहेर करून.

पिंपाचा तळ दिसू लागला तसा काशम्माचा हात थांबला. उत्कर्षा म्हणाली, "अज्जी, सगळा काढू नकोस. तळाचा राहू दे. त्यातच नवा चुना भिजत घालू. पुढच्या वर्षी परत हात द्यावाच लागतो."

"विरजनासारखं?"

"हो, विरजणासारखं."

काशम्मानं हातातला गोळा परत पिंपात टाकला आणि तांब्याभर पाणी ओतलं.

उत्कर्षा परवा पुण्याला गेली. अंगण पुन्हा सुनं झालंय आणि पिझ्झा पुन्हा कधी भाजला जाईल कोण जाणे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या हातची वस्तू असेल तर तिला जरूर झाका, पण कोंडू नका. अधूनमधून तिच्यात थोडा जाळ करा. आज सोमवार. काशम्मानं आधी पिंपाला पाणी घातलं आणि मग, पहिल्यांदाच, घरात न जाता माझ्याकडे वळली. माझ्या पोटात चार काटक्या पेटवल्या, एक भाकरी ठेवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "थांबा वाईच, व्हतीया की."