पाठीवर खोली, मागे कोणी नाही

मित्रांनो, मी एक म्हातारा, छोटा ट्रक आहे आणि माझ्या पाठीवर खोली आहे. खिडकी, ओटा, घडीचा पलंग, कपाट, सगळं काही आहे तिच्यात. ही खोली घेऊन मी पहिल्यांदा बाहेर पडलो त्या दिवसाची हकीकत मला सांगायची आहे. पण आधी थोडं माझ्याविषयी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कोण आगाऊ!

माझा जन्म कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या कामगाराने माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाला, "चल, पळ आता." त्याचं म्हणणं मी तेव्हापासून मनावर घेतलं आहे. मला एका गाद्यांच्या दुकानाने विकत घेतलं. दुकान भावाबहिणीचं होतं. ताई कापड बेतायची, शिवायची आणि मला चालवायचीही. दादा गाद्या भरायचा, उचलायचा, आणि मला मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" बावीस वर्षं हे असंच चाललं. अरुंद बोळ, हॉटेलांची मागची दारं, वसतिगृहांची फाटकं, आम्ही कुठे म्हणून शिरलो नाही! "काय गाडी घालते हो ही बाई!" असं लोक म्हणायचे. त्यातली निम्मी स्तुती मी माझीच समजायचो.

मग खोक्यात गुंडाळलेल्या तयार गाद्या आल्या आणि आमच्या दुकानाला टाळं लागलं. दादाचे गुडघे गेले. मी दुकानामागच्या अंगणात उभा राहिलो तो दोन वर्षं तसाच. टायर बसले. माझ्या पोटाखाली मांजरीने दोनदा पिल्लं घातली. पिल्लांवर माझा राग नव्हता, पण ज्याने पळायचं त्याचं पाळणाघर व्हावं हे मला फार लागलं. एकदा तर भंगारवालाही येऊन माझ्याभोवती फेरी मारून, वजनाचा अंदाज घेऊन गेला.

आणि एके दिवशी ताईने ओलं फडकं घेऊन माझी काच पुसली.

"दादा, मी फिरायला जाणार आहे," ती म्हणाली. "ह्याच्या पाठीवर खोली बांधून. एकटी."

"साठाव्या वर्षी हे काय खूळ काढलंस?"

"एकोणसाठाव्या."

"चालवशील गं तू, त्यात काही नाही. पण मागे कोण बघणार?"

 दादा खोटं बोलत नव्हता. त्याच्या आवाजाशिवाय तिने मला एक वीतभरसुद्धा मागे घेतलं नव्हतं. शेवटी दोघांत असं ठरलं, की पहिल्या दिवशी कुणाला मदतीला बोलवावं लागलं तर ताईने गुपचूप घरी परतायचं आणि मला भंगारात द्यायचं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, मला जायचंच होतं.

माझं तेलपाणी झालं, टायर नवे बसले आणि ओळखीच्या सुतारकाकांनी खोली बांधली. त्यांनी कागदावर 'उंची सव्वातीन मीटर' असं लिहून तो स्टिअरिंगसमोर चिकटवला. "ताई, हा आता उंच झालाय बरं. जुनी सवय विसरा," असं त्यांनी दोनदा बजावलं. ताईने दोनदा मान हलवली.

सकाळी आठला आम्ही निघालो. दादाने फाटक उघडलं, पण त्याचं तोंड फुगलेलं होतं. "रात्री जेवायला काय करून ठेवू?" त्याने मुद्दाम विचारलं. ताईने उत्तर न देता गिअर टाकला.

काय सांगू मित्रांनो, दोन वर्षांनी रस्ता पायाखाली आला! ताई गाणं गुणगुणत होती आणि मी खुशीत होतो. तिथेच घात झाला. बावीस वर्षं रोज सकाळी आम्ही ज्या रेल्वेच्या पुलाखालून जायचो, त्याच पुलाकडे तिचे हात आपोआप वळले. माझी चाकंही वळली, दोष एकटीचा नव्हे. उतार उतरून वळण घेतलं आणि डोक्यावर 'खर्र' असा आवाज झाला. ताईने करकचून ब्रेक दाबला. छतावरच्या झरोक्याचं झाकण पुलाला घासलं होतं. आणखी दोन हात पुढे गेलो असतो तर खोलीचं छप्पर तिथेच राहिलं असतं.

आता पुढे जाणं शक्य नव्हतं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मागे चढ, चढावर वळण, आणि वळणापलीकडे शंभरेक पावलांवर दुसरा रस्ता फुटत होता. तिथपर्यंत उलटं जायचं होतं. मागे पावाची गाडी येऊन थांबली, तिच्यामागे आणखी दोन. हॉर्न सुरू झाले.

एका मोटारीतला गृहस्थ तरातरा खाली आला. "बाई, उतरा. चावी द्या इकडे, दोन मिनिटांत काढून देतो."

ताईने फोन हातात घेतला. पडद्यावर दादाचं नाव होतं. तिने अंगठा त्या नावावर नेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर भंगारवाला उभा होता. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि त्याच पर्समधून दुसरंच काहीतरी बाहेर काढलं. कापड बेतायचा खडू! दुकान बंद झालं तरी तो तिच्या पर्समधून गेला नव्हता.

ती खाली उतरली. भिंतीपासून अंतर डोळ्यांनी मोजलं, आणि माझ्या मागच्या चाकापासून वळणापर्यंत रस्त्यावर एक पांढरी रेघ ओढली. गादीच्या कडेला शिवण कशी वळवायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"अहो, हे काय चाललंय?" तो गृहस्थ म्हणाला.

"बेततेय," ताई म्हणाली. मग ती पाववाल्याकडे गेली. "भाऊ, तुम्ही सगळे आपापल्या गाड्या तेवढ्या मागे घ्या. माझी मी घेते."

पाववाल्याने तिच्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि काही न बोलता त्याने मागच्यांना हात केला.

ताई चढली. आरशात रेघ दिसत होती. चाक रेघेवर ठेवून तिने मला हळूहळू मागे घेतलं. दहा पावलं. थांबली, उतरली, पाहिलं, पुढची रेघ ओढली, चढली. परत दहा पावलं. एकदा रेघ सुटली आणि माझा मागचा कोपरा भिंतीला लागणार, इतक्यात तिने मला पुढे घेऊन पुन्हा सरळ केलं. तिच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. पाऊण तास लागला. शेवटची रेघ संपली आणि माझी मागची चाकं सपाट रस्त्यावर आली तेव्हा पाववाल्याने टाळ्या वाजवल्या. चावी मागणारा गृहस्थही वाजवू लागला. ताईने खडू पर्समध्ये ठेवला आणि राणीच्या थाटात हात हलवला. मी इतक्या जोरात हॉर्न वाजवला की तीच दचकली. खरं तर तिचं कोपर लागलं होतं, पण वाजलो मी.

लांबचा रस्ता धरून आम्ही उन्हं कलताना एका तळ्याकाठी पोचलो. तळ्याकडे पाठ करून उभं राहायचं होतं. तिने मला एका दमात मागे घेतलं. मग ओट्यावर चहा ठेवला आणि दादाला फोन लावला.

"कुठे अडलीस?" त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं.

"पुलाखाली. उंची विसरले."

"मग? कुणी काढली गाडी?"

"मी काढली."

"आणि मागे कोण बघत होतं?"

"मीच. उतरायचं, बघायचं, चढायचं, घ्यायचं."

 मग दादाने विचारलं, "उद्या किती वाजता निघणार?"

ताई हसली आणि हसता हसता रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या अंगणात एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिचं तेलपाणी बघा, टायरांत हवा भरा. आणि रस्त्यात तुमच्यापुढे कुणी आपली गाडी आपल्या हाताने, हळूहळू मागे घेत असेल, तर हॉर्न वाजवू नका, चावी मागू नका. थोडी जागा द्या आणि थांबा. गाडी बरोबर निघते.