लोहनाथांची काळी वाटी

'विज्ञान जिथं संपतं, तिथं लोहनाथ महाराज सुरू होतात,' असं पत्रकावर छापलं होतं. प्रत्यक्षात महाराज दोन तास उशिरा सुरू झाले, कारण तासगावची एसटी पंक्चर झाली होती.

गाव मात्र सकाळपासून देवळापुढं बसलं होतं. १९९७ सालचा मार्च. बागायतदार हंबीररावांच्या शेडमध्ये वाळत घातलेला बेदाणा काळा पडला होता. अवकाळी पावसानं साऱ्या तालुक्याचा पडला होता. पण साऱ्या तालुक्याला पुरेल एवढी करणी करणारी बाई कुठून आणायची? त्यापेक्षा गावातली बरी.

महाराजांनी मांडी घातली. मांडीवर आडवा पाट, पाटाच्या डाव्या टोकाला काचेची वाटी, वाटीत काळंभोर तेलकट पाणी.

"ह्यात चैतन्य आहे. रक्ताचा थेंब पडताच हे त्यातलं पाप ओळखतं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी ह्यापुढं हात टेकले."

कोणत्या डॉक्टरांनी, ते पाणी सांगत नव्हतं.

शेडवर काम करणाऱ्या बायकांची रांग लागली. महाराज डबीतली टाचणी काढायचे, बोट टोचायचे, थेंब वाटीत पाडायचे. अकरा थेंब पडले, पाणी गप्प. बारावी धोंडुबाई. विधवा, एकटी, आणि हंबीररावांना जिथं शेड वाढवायची होती, बरोबर तिथंच तिचं घर. दैवी शक्तीला जागेची चांगली पारख असते.

थेंब पडला आणि काळ्या पाण्याला काटे फुटले. साळिंदरासारखे, ताठ.

"हीच," महाराज म्हणाले.

"आवं, तीस वर्सं बेदाणा निवडतीया मी," धोंडुबाई म्हणाली. "त्यातला खिळा न् खिळा चुंबकानं काढलाय. मी कशाला नासवीन?"

ऐकायला कोणाला वेळ नव्हता. दिवस मावळायच्या आत तिनं गाव सोडायचं ठरलं. तिच्या घराचं दार उचकटायला दोघंजण निघूनही गेले. न्यायदान आमच्याकडं जलद असतं.

तेरावा नंबर मुक्ताबाईचा. तिच्या जागी तिची लेक प्रियदर्शनी पुढं आली. मिरजेच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करायची.

"महाराज, वाटी माझ्या हातावर द्या. मग टाका थेंब."

"पाट सोडला की शक्ती जाते."

"कुठं जाते?"

महाराजांनी डोळे मिटले. तेवढ्यात तिनं टाचण्यांची डबी पाटाच्या अलीकडं, त्यांच्या डाव्या मांडीवर उपडी केली. टाचण्या खाली सांडल्या नाहीत. धोतरावरून सरकत डाव्या गुडघ्याला झुबक्यानं चिकटल्या आणि काट्यांसारख्या ताठ उभ्या राहिल्या. काही आतही रुतल्या असाव्यात, कारण महाराजांचे डोळे उघडले.

"शेडमदी खिळं असंच गोळा हुत्यात," धोंडुबाई म्हणाली.

धोतर वर केल्यावर गुडघ्याला बांधलेलं जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक निघालं.

"तेलात लोखंडाची अतिबारीक पूड आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "गुडघा पाटाला लावला की काटे उभे, खाली घेतला की पाणी गप्प. कोणाच्या वेळी लावायचा, एवढंच आधी ठरलेलं."

सगळ्यांनी हंबीररावांकडं पाहिलं. हंबीरराव आभाळाकडं पाहत होते.

"रक्तातलं काही हुडकणारे लोहकण खरंच असतात," प्रियदर्शनी पुढं म्हणाली. "आमच्या दवाखान्यात वापरतो आम्ही. केसाहून कितीतरी बारीक. त्यांच्यावर असा लेप असतो, की रक्तातला ठरलेला एकच रेणू त्याला चिकटतो. मग चुंबकानं कण बाजूला ओढायचे, बाकीचं धुऊन टाकायचं आणि रेणू किती सापडला ते मशीनवर मोजायचं."

गाव भारावलं. हंबीररावांना कंठ फुटला. "मंग पोरी, तुज्या त्या मशिनीत खरी करणीवाली घावंल का?"

चार-पाच माणसं "व्हय, व्हय" म्हणत पुढं सरकली. निर्दोष सुटलेल्या अकरा बायका एक पाऊल मागं सरकल्या.

"करणीचा रेणूच नसतो, आबा. बेदाणा पावसानं काळा पडला. पाऊस तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पाहिलेलं सोडून न पाहिलेलं मानलं, तर मशीन काय करणार? आधी वाटी उचलून बघावी, मग माणसावर हात उचलावा. खरं तर मग उचलावाच लागत नाही."

महाराज एकेक टाचणी उपसत होते. दोघं गडी दार खांद्यावर घेऊन परतले होते. ते कुठं ठेवायचं, असं हंबीररावांना खुणेनं विचारत होते.

"हंबीरराव," धोंडुबाई म्हणाली, "दार तेवढं परत बसवाया सांगा. कुत्री शिरत्यात घरात."