दोन फेट्यांची फुली

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला आमच्या माळावरच्या धावपट्टीवर दोन विमानं एकाच वेळी उतरणार होती. हा घोळ दोन साखर कारखान्यांच्या दोन हट्टी चेअरमननी घातला होता. सांगलीच्या बाजूला लालासाहेब, साताऱ्याच्या बाजूला हंबीरराव. दोघांनाही बॉयलर पेटवायला तोच मुहूर्त हवा, पाहुणा मुंबईहून विमानानेच यायला हवा, आणि तो दुसऱ्याच्या आधी उतरायला हवा. साधा पतंग उडवायची अक्कल नाही, आणि निघाले विमानं उतरवायला!

मी नाथाजी, पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार, त्या पट्टीचा एकटा राखणदार. वायरलेस नव्हता. विमानानं कुठल्या टोकाकडून उतरायचं ते वरून दिसावं म्हणून त्या टोकाला पांढऱ्या कापडाची खूण अंथरायची, एवढंच आमचं विमानतळ. त्या दिवशी दोघांनी आपापल्या टोकाला आपापली खूण अंथरली आणि ती राखायला काठीवाले बसवले. दोन्ही विमानं समोरासमोर येणार हे उघड होतं.

दोघे पट्टीच्या मधोमध एकमेकांवर ओरडत उभे होते. मी हात जोडले.

"आवं सायेब, एक खूण उचला. इमानं आदळतील."

"ह्येची उचल," हंबीरराव म्हणाले. "माजा मंत्री काय वर घिरट्या घालत बसंल?"

"माज्या इमानात पावण्यासंगं माजी लेक हाय," लालासाहेब गरजले. "विजयमाला ह्येच्या पावण्याच्या मागनं उतरणार व्हय?"

"मागनं उतरली तर जित्ती उतरंल!" मी ओरडलो.

"तू गप रं! पगार खातोस, त्येवडाच खा."

तेवढ्यात दोन्हीकडून घरघर ऐकू आली. पट्टीवर मोठी पांढरी फुली दिसली की पट्टी बंद समजून कुठलाही वैमानिक उतरत नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या डोक्यावर खाकी टोपी, आणि समोर दोन पांढरेशुभ्र, लांबलचक फेटे. आमच्याकडे माणसाचा फेटा ओढणं म्हणजे चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारणं. मी एकाचा ओढला, दुसऱ्याचा ओढला, पळत पुढं जाऊन ते एकमेकांवर आडवेतिडवे अंथरले आणि टोकांवर दगड ठेवले.

दोन्ही विमानं खूप खाली आली होती. एकदम वर उचलली गेली, एक साताऱ्याकडे वळलं, एक मिरजेकडे. दोन्हींच्या मधून जेमतेम घार गेली असती.

मग दोन्हीकडचे काठीवाले धावत आले. वीस वर्षांत एका पंगतीला न बसलेली ती माणसं मला बडवायला खांद्याला खांदा लावून उभी राहिली. माझा डावा हात मोडला. फेट्यांना मात्र कुणी हात लावला नाही, कारण ते एकमेकांना शिवून बाटले होते.

संध्याकाळी विजयमाला पुण्याला उतरून मोटारीनं आली. लालासाहेब बोडक्या डोक्यानं, मला हाकलून द्यायचा हुकूम सोडत, माझ्या खोलीसमोरच उभे होते.

"ह्यानं माजी अब्रू मातीत घातली," ते म्हणाले.

ती पांढरीफटक पडली होती. "आबा, समोरच्या विमानातल्या माणसाचा चष्मा दिसला मला. एवढ्या जवळून गेलो आम्ही."

लालासाहेबांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता हा बाप रडेल.

"व्हय," ते हळूच म्हणाले, "पर उतरायला पुढं आपलंच इमान हुतं न्हवं?"