बॅगेतली जाग

मी बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे बघू नका, मी पटकन दिसायचा नाही. मी बिनवायरच्या माऊसचा रिसीव्हर आहे. लॅपटॉपच्या कडेला यूएसबीच्या खाचेत खोचलेला, नखाएवढा काळा तुकडा. माऊस हलला की मी लॅपटॉपला कळवतो, हलला बरं का! एवढंच माझं काम. एवढ्याशा कामातून कुणाचं काय वाईट होणार, असं मलाही वाटायचं.

माझा जन्म कारखान्यातल्या एका सरकत्या पट्ट्यावर झाला. आगेमागे माझ्यासारखीच असंख्य भावंडं. तिथे एक गोष्ट आमच्या अंगात कायमची भरली गेली: लॅपटॉप झोपला तरी तू झोपायचं नाहीस. माऊसची हाक आली की त्याला उठवायचं. हाक खरी कुठली आणि नुसत्या धक्क्याची कुठली, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

मग मी या घरात आलो. घरातली बाई घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा तिचा व्यवसाय आणि स्वतःच्या शोधणं हा छंद. दिवस गेले होते तेव्हा तिचं मनगट फार दुखायचं, म्हणून नवऱ्यानं माऊस आणला, आणि त्याच्या पोटातल्या कप्प्यातून मी बाहेर पडलो. माऊस चालू-बंद करायला त्याच्या पोटाखाली एक बारीक बटण असतं. ते कुणीही बंद करत नाही. तिनंही कधी केलं नाही.

पुढे मुलगी झाली. अशी गुबगुबीत, की घरात तिला ढबीच म्हणतात.

तान्ह्या मुलाच्या घरात कुठलीच वस्तू एका कामाची राहत नाही. पलंग एका बाजूनं भिंतीला टेकलेला, दुसरी बाजू उघडी. ढबी कुशीवर वळायला लागली तशा तिकडे उशा लावल्या, पण उशा सरकायच्या. लॅपटॉपची बॅग जड, ती काही सरकत नाही. मग रोज दुपारी काम आवरलं की ती लॅपटॉप झोपवायची, झाकण मिटायची, माऊससकट बॅगेत घालून चेन ओढायची आणि ती बॅग ढबीच्या शेजारी बांधासारखी उभी करायची. मी खाचेतच असायचो. मला काढायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

एके दिवशी तिनं लॅपटॉप बाहेर काढला तर तो तापलेला आणि बॅटरी तळाला.

"अरे, मी हा झोपवून ठेवला होता."

"ठेवला असं वाटलं असेल तुला," नवरा म्हणाला. "काल दूध गॅसवर ठेवून अंघोळीला गेलीस, आठवतंय ना?"

"दुधाचा इथे काय संबंध?"

"संबंध डोक्याचा आहे. जरा झोप काढ."

"म्हणजे या घरात न झोपणारे आता दोघे झाले," ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली.

तिघे, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी झाकण मिटण्याआधी तिनं तीनदा खात्री केली. तरी तेच. कधी बॅगेतून बारीक घूं ऐकू यायची, पण ती कान देऊन उभी राहिली की थांबायची. "तुझ्याच कानात पंखा फिरतोय," नवरा हसला. तीही हसली, पण नंतर तिनं न्हाणीघरात जाऊन कानात बोट घालून बघितलं म्हणे.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, धूळ बसली असेल, घेऊन या." पण तिचं समाधान होईना. मग ढबीला कडेवर घेऊन ती एकटीच शोधाला लागली. प्रिंटरची वायर काढली, झोपवला, वाट बघितली. पेनड्राइव्ह काढला, झोपवला, वाट बघितली. तेवढ्यात ढबीनं टेबलावर पाय आपटला, माऊस किंचित हलला आणि पडदा उजळला.

"तूच होय रे!"

सेटिंगमध्ये शिरून तिनं माऊसचं नाव शोधलं. 'या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या' असं तिथे लिहिलेलं होतं आणि पुढे खूण होती. ती खूण तिनं काढून टाकली.

इथेच घात झाला. मी एकटाच असलो तरी लॅपटॉप मला दोन नावांनी ओळखतो, एक माऊस आणि दुसरं कीबोर्ड. माझ्याकडे कीबोर्ड नाही, नावच तेवढं. त्या नावापुढची खूण तशीच राहिली. एक दार लागलं आणि दुसरं सताड उघडं.

"सापडला चोर!" संध्याकाळी तिनं ऐटीत सांगितलं.

"बघ, उगाच घाबरत होतीस," नवरा म्हणाला.

त्या दिवसापासून तिनं बॅगेला हात लावून बघणं सोडलं. मला तेव्हाच भीती वाटायला लागली. घाबरलेल्या माणसाच्या घरात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तो निश्चिंत झाल्यावर.

मग एका दुपारी ढबी बॅगेकडे तोंड करून झोपली. झोपेत तिनं पाय झाडला, बॅगेला लागला, माऊस दचकला. मी उठवलं. शिकवलंच होतं तसं. लॅपटॉप उठला, पंखा हवा शोधायला लागला. चेन लावलेल्या बॅगेत हवा कुठली? धक्के लागू नयेत म्हणून बॅगेला आतून जाड फोम असतो, तो सगळी धग धरून बसला. थोड्या वेळानं लॅपटॉप पेंगायचा, की पुन्हा पाय. की पुन्हा मी.

आणि ढबी सरकत सरकत बॅगेला चिकटली. ऊब कुठून येते हे तान्ह्या मुलाला कळत नाही. ऊब म्हणजे आई, एवढंच कळतं. तिनं गाल टेकला. धग वाढत होती. मला ती कळत होती, पण ओरडायची सोय मला कुणी दिलेली नाही.

स्वयंपाकघरात आई तिच्या ताईशी फोनवर बोलत होती.

"ताई, जरा बघून येऊ का गं?"

"आत्ताच बघून आलीस ना? झोपलेल्या पोरीला कितीदा बघशील? गिधाडासारखी घिरट्या काय घालतेस!"

"हो गं, माझं आपलं काहीतरीच." ती बसली. मग उठली. मग परत बसली. "ठेवते फोन. हस माझ्यावर, पण ठेवते."

ती आली. ढबीचा गाल लालबुंद. ताप, तिला वाटलं. तिनं दुसऱ्या गालाला हात लावला. तो गार होता. ताप काही एका गालाला येत नाही. तिनं बॅगेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

ढबीला उचलून छातीशी धरलं, तशी ती रडली. ते रडू ऐकून माझ्या जिवात जीव आला. बाईनं बॅग पलंगावरून ओढून चेन उघडली. मिटलेल्या झाकणाच्या फटीतून उजेड येत होता. तिनं मला नखांनी उपटून काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी झोपलो.

संध्याकाळी नवऱ्यानं बॅगेत हात घालून मऊ पडलेला फोम चाचपला. दुधाची आठवण त्यानं काढली नाही. मग त्यानं ढबीचा गाल बोटानं हलकेच दाबून बघितला. लाली उतरली होती.

"तो काळा तुकडा कुठे गेला रे?" तिनं विचारलं.

"टाकलास ना तू?"

"टाकला का?"

"टाकला असशील."

"हो. टाकलाच असेन."

नव्हता टाकला. उपटताना तिच्या बोटांतून मी उडालो आणि पलंगाच्या पायामागे जाऊन पडलो. तिनं त्या रात्री आणि नंतरही दोनदा वाकून बघितलं, पण मला काळोख बरा सांभाळून घेतो.

आता घरात वायरचा माऊस आहे. बॅग कपाटावर गेली आहे. टेबलाच्या कोपऱ्यांना मऊ पट्ट्या आहेत, भिंतीतल्या प्लगना झाकणं आहेत. "आता तरी निश्चिंत हो," नवरा म्हणतो, आणि ती खरंच होत चालली आहे. आज त्यानं मनावर घेऊन पलंगाखालून झाडू मारला. केर अर्धवट बाहेर आला आणि तिथेच राहिला. त्या केरात मी आहे, उजेडात. माझं पत्र्याचं टोक चकाकतंय.

ढबी रांगायला लागली आहे. दिसेल ते तोंडात घालते. तिनं मला पाहिलं आहे.

आई टेबलाशी पाठमोरी बसली आहे, कुणाच्या तरी चुका शोधत. आयुष्यभर मी नको तेव्हा जागं केलं. आज एकदाच करायचं आहे आणि माझ्या अंगात वीज नाही.

ढबीचं बडबडणं थांबलं आहे. रांगतं मूल एकदम गप्प झालं की समजावं. बाई, तुझी पेन्सिल आत्ता थबकली ना? काहीतरी वाटलं ना तुला? काहीतरीच नाही ते. वळ.