दादा येईपर्यंत थांबलेली ब्रोकोली

अळीला हात लावायची तिला किळस यायची. देठाइतकीच हिरवी, बोटाला चिकटणारी, जरा दाबली की फच्चकन फुटणारी. शी! तरी रोज कामावर जाण्याआधी ती ब्रोकोलीची पानं उलटून अळ्या वेचायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नवरा खिडकीत चहा भुरकत सूचना द्यायचा. तोंड चालवायला काय जातं!

झाडाला गड्डा धरला, घट्ट आणि दाणेदार. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हाताने मातीतून काही आलं होतं, आणि ते कोवळं असतानाच तिला खायचं होतं.

“आज काढते हो.”

“खबरदार! रविवारी दादा येतोय. त्याच्या बागेत एवढा गड्डा कधी झाला नाही. अजून फुगू दे.”

“अहो, फुगणार नाही, फुलेल. मग चव जाते.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

तिने हातातली सुरी परत ठेवली.

रविवारपर्यंत दाणे सुटून वर पिवळी फुलं आली. नवऱ्याने थोरल्या भावाला बागेत नेलं आणि ऐटीत गड्डा कापला.

“मिठाच्या पाण्यात ठेवते थोडा वेळ,” ती म्हणाली. “अळ्या वर येतात.”

“माझ्या बागेत अळ्या? एकेक स्वतः वेचलीय मी, दादा. टाक तशीच उकडायला.”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्याच्या त्या हसऱ्या तोंडाकडे तिला बघवेना.

दुसऱ्याच घासाला दादा थांबले. त्यांच्या ताटात, तुऱ्याला बिलगून, एक उकडलेली अळी पडली होती. ते तोंड दाबून मोरीकडे पळाले.

नवरा तिच्यावर खेकसला, “साधं धुता येत नाही तुला?”

झाडाकडे त्याने पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. तिने मात्र पाणी घालणं सोडलं नाही. कापल्या जागेच्या बाजूने फुटवे आले, त्यांना लहान लहान गड्डे धरले. तिने ते कोवळेच काढले, मिठाच्या पाण्यात ठेवले, वाफवले आणि ओट्याशी उभी राहून खायला लागली. काय गोड लागत होते! तरीही एक अळी राहिलीच होती. तिने ती बोटाने बाजूला सारली आणि पुढचा घास घेतला.

“एकटीच? मला नाही ठेवलीस?” म्हणत नवऱ्याने तिच्या ताटात हात घातला.

मग मात्र तिला तोंडातला घास गिळवेना.