वायर धरून बोला

मी एक जुना माइक आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. माझ्यासमोर आजवर कितीतरी माणसे घाबरली. कुणाचे हात थरथरले, कुणाचा घसा कोरडा पडला, कुणी पाठ केलेले सगळे विसरून नुसते माझ्याकडे बघत बसले. त्यांना वाटायचे, हा बरा निवांत उभा आहे! मी त्यांच्याहून जास्त घाबरलेला असायचो, पण मला घाम येत नाही, म्हणून कुणाला कळले नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवते ते नागपूरच्या एका दुकानातले कपाट आणि तिथून मला घेऊन निघालेले आनंदराव. ते निवृत्त शिक्षक. नाकाडोंगरीच्या बाजूला, रानाच्या कडेला असलेल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी एक छोटे रेडिओ केंद्र काढायचे ठरवले होते आणि सामान आणायची जबाबदारी आनंदरावांवर होती. बसमध्ये त्यांनी मला दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतले होते. रस्त्यात गाडी आदळली की ते मलाच विचारायचे, "लागलं तर नाही ना बाप्पा?" इतक्या मायेने मला पुन्हा कुणी हाताळले नाही.

केंद्राचे नाव ठेवले रेडिओ टेंभुर्णी. जागा म्हणजे बंद पडलेल्या भातगिरणीची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि बारदाना लावलेला. बारदान्यात उंदीर होते, आणि मला उंदरांची फार भीती वाटायची. दुपारी मँगनीजच्या खाणीत सुरुंग उडाला की खोली हादरायची आणि मी स्टँडवर डुगडुगायचो. पहिल्या दिवशी उद्घाटनाचे भाषण करायला आनंदराव माझ्यासमोर बसले. जन्मभर वर्ग दणाणून सोडलेला माणूस, पण "नमस्कार मंडळी" म्हणाले आणि पुढे काही सुचेचना. शेवटी त्यांनी सतराचा पाढा म्हटला. गावात त्या पाढ्याचे फार कौतुक झाले.

मग कार्यक्रम बसत गेले. सकाळी धानाचा सल्ला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, कधी टाकायचे, कीड दिसली तर काय करायचे. त्यानंतर हरवले-सापडले. कुणाची बकरी गेली, कुणाचा गोऱ्हा परक्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, सापडला, सगळे माझ्यातून जायचे. संध्याकाळी भजन, कधी दंडार हे लोकनाट्य करणाऱ्या मंडळाची गाणी, बुद्धपौर्णिमेला वंदना, रविवारी शाळेच्या पोरांच्या कविता. पोरे माझ्या तोंडाला ओठ लावून ओरडायची. मी सहन करायचो. लोक म्हणायचे, "आपला माइक लय गोड हाय." खरे सांगतो, तेव्हा मला बरे वाटायचे.

पण आमचा खरा कार्यक्रम होता 'मोहवेळ'. उन्हाळा तोंडावर आला की रानात मोहफुले गळू लागतात. उजाडायच्या आधी बाया टोपले घेऊन रानात जातात. प्रत्येकीचे झाड ठरलेले असते. झाडाखालचा पाचोळा झाडून त्या वाकून एकेक फूल वेचतात. मित्रांनो, वाकलेला माणूस मागून पाहिला तर माणसासारखा दिसत नाही. आपल्याकडे वाघही आहे आणि त्याला तो सावजासारखा दिसत असेल हे बायांना पक्के ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक बाई लहानसा रेडिओ बरोबर नेते, तो डांगीवर, म्हणजे फांदीवर, टांगते आणि मोठ्याने लावून ठेवते. माणसाचा आवाज आला की जनावर सहसा वाट बदलते. 'मोहवेळ' पहाटेपासून ऊन चढेपर्यंत चालायची. गाणी कोणती लागतात याच्याशी बायांना देणेघेणे नव्हते. आवाज थांबू नये, एवढेच त्यांना हवे होते.

हे समजले त्या दिवसापासून माझ्या भित्रेपणाला ताळतंत्र राहिले नाही. कारण मित्रांनो, मला इकडचे सगळे ऐकू येते, तिकडचे काहीच नाही. मी ज्यांच्यासाठी बोलतो त्या बाया हसल्या की रडल्या, झाडाखाली आहेत की नाहीत, मला कधीच कळत नाही.

'मोहवेळ' चालवायची रत्नमाला. आवाज खणखणीत, बोलणे चटकदार. तिची आई सुमनबाई स्वतः मोह वेचायला जायची. "आता माह्या मायसाठी एक गानं लावतो, नाही तर घरी गेल्यावर जेवाले देनार नाही," असे ती पहाटे माझ्यात म्हणायची आणि रानभर हसू पसरत असेल असे मी मनाशी धरायचो.

हळूहळू दिवस बदलले. गाणी कॉम्प्युटरमध्ये आली. मुलाखती लोक मोबाइलवर करून आणू लागले. माझ्यासमोर बसणारे कमी झाले, माझ्यावर धूळ बसू लागली आणि माझ्या मानेजवळची वायर सैल झाली. जरा हलली की आवाज खरखरायचा, नाही तर जायचाच. यंत्रे सांभाळणारा हेमराज स्वभावाने चांगला, पण त्याचे सगळे काम 'उद्या'चे. त्याने सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून माझ्या मानेला आवळून बांधली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "वायर धरून बोला." सरपंच आले, वायर धरून बोलले. डॉक्टरीणबाई आल्या, वायर धरून बोलल्या. पुढे पुढे पाहुणे न सांगताच धरू लागले. सगळ्यांना सवय झाली आणि सवय झालेली गोष्ट कुणी दुरुस्त करत नाही. मी मात्र रोज मनात म्हणायचो, एखाद्या दिवशी ही वायर नको तेव्हा दगा देणार.

तो दिवस यंदाच्या मोहाच्या हंगामातच आला.

पहाट होती. रत्नमालाने राम राम, जयभीम करून कॉम्प्युटरवर गाणी लावून दिली होती आणि ती स्वतःला आणि मीटरजवळ बसलेल्या हेमराजला चहा ओतत होती. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि कवडू धडपडत आत आला. कवडू वनमजूर, रानाची खडानखडा माहिती असलेला. त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"रत्ना, बाया कोन्या बाजूले गेल्या आज?"

"नाल्याकडच्या मोहाले. मायबी तिकडंच हाय. काहून?"

कवडूने तोंडावरून हात फिरवला. "वाघीन हाय तिथं. पिल्लं हायेत संगं. नाल्यातल्या वाटंवर ताजे पंजे पाहून आलो मी. थे बाया आन् गावाच्या मधातच बसून हाय."

रत्नमालाने मोबाइल उचलला आणि तसाच खाली ठेवला. मोबाइलला तिकडे रेंज नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. रानात पोचणारी एकच गोष्ट होती, आणि ती त्या खोलीत उभी होती. मला वाटले, आपण उंदीर असतो तर बरे झाले असते, बारदान्यात तरी शिरलो असतो.

"सांग त्याईले, पळा म्हना!" हेमराज ओरडला.

"पळा नोको म्हनू," कवडू म्हणाला. "पळतीन तर नाल्याच्याच वाटंनं येतीन. सीधे तिच्या तोंडात. एका जागी थांबा म्हना. उभ्या राहा म्हना. रेडिओ बंद करू नोका म्हना. मी मानसं घेऊन जातो, डफडे वाजवत वरच्या अंगानं." एवढे बोलून तो गेलासुद्धा.

आणि त्याच वेळी लाईट गेली.

इन्व्हर्टर सुरू झाला, पण त्याची बॅटरी किती म्हातारी आहे हे मला हेमराजच्या चेहऱ्यावरून कळले. तो धावत जाऊन पंखा, दिवे बंद करून आला. मग कॉम्प्युटरकडे बघत उभा राहिला. "रत्ना, हा चालू ठेवला तर बॅटरी लवकर बसन, ट्रान्समीटर बंद पडन. बंद करू का?"

"मंग गानी?"

"गानी नाही. तूच बोल. मानसं पोचतपर्यंत बोलत राहा."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. खोलीत अंधार झाला. रत्नमाला खुर्चीवर बसली, तिने मला जवळ ओढले आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने माझ्या मानेजवळची वायर दाबून धरली. तिचा अंगठा थंडगार होता.

"बाया हो, आयका," ती म्हणाली. "घाबरू नोका. वेचनं बंद करा. वाकू नोका, उभ्या राहा. हळूहळू साऱ्याजनी एका झाडाखाली या, पाठीले पाठ लावा. नाल्याच्या वाटंनं कोनी येऊ नोका, तिथं वाघीन हाय. आपली मानसं निघाली हायेत. रेडिओ बंद करू नोका. मी इथंच हाओ. मी बोलून राहिली."

हे तिने तीन-चारदा सांगितले. मग पुढे काय बोलायचे? मित्रांनो, तुम्ही करून पाहा, न थांबता बोलणे किती अवघड असते. तिने मोहाचा भाव सांगितला. सगळ्यांची नावे घेतली, रीता, कलाबाई, डिंपलची सासू. कुणाच्या घरी काय रांधले असेल ते सांगितले. शेजारणीशी झालेले नळावरचे भांडण पुन्हा पहिल्यापासून सांगितले. लहानपणी माय तिला मोहाच्या झाडाखाली फडक्यावर निजवायची ते सांगितले, आणि तिथे तिचा आवाज कापला. मी तो कापरा आवाज जसाच्या तसा पुढे पाठवला. आवाजातली भीती गाळून पाठवायची विद्या माझ्याजवळ नाही. तिला काही दिसत नव्हते, मला काही ऐकू येत नव्हते. कदाचित कुणी ऐकतच नसेल. कदाचित ऐकायला कुणी उरलेच नसेल. हे आम्हा दोघांच्याही मनात होते, आणि ती बोलत होती.

बोलता बोलता तिला जोराचा खोकला आला. अंगठा सरकला. ट्यूबची पट्टी तुटली. आणि मी मुका झालो.

तिला लगेच कळले नाही. ती बोलतच होती. मी ओरडत होतो, पण माझे ओरडणे कोण ऐकणार? मीटरजवळून हेमराज किंचाळला, "आवाज गेला! वायर, रत्ना, वायर!" तिने दोन्ही हातांनी माझी मान गच्च आवळली. आत कुठेतरी तांब्याला तांबे टेकले.

"माय," ती म्हणाली. "माय, आयकू येते का? मी हाओ."

त्यानंतर तिने हात सोडला नाही. बोटे पांढरी पडली, घसा बसला, तरी ती बोलत राहिली. शेवटी दुरून डफड्यांचा आवाज आला, मग पत्र्याचे डबे, मग बायांची गलबल. हेमराज दारातून ओरडला, "आल्या! साऱ्या आल्या!" तेव्हा कुठे रत्नमालाने टेबलावर डोके टेकले आणि हमसून हमसून रडू लागली.

सुमनबाई घरी गेली नाही. टोपले डोक्यावर तसेच, ती थेट आमच्या खोलीत आली. एवढी माणसे दारात जमली होती, पण ती कुणाशी बोलली नाही. तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिले.

"मधात आवाज काहून गेला होता?" तिने विचारले.

"वायर सुटली होती, माय."

सुमनबाईने टोपले खाली ठेवले. "आमी रीताच्या झाडाखाली उभ्या होतो. साऱ्याईचे रेडिओ एकाच डांगीले टांगले होते. थे वाघीन पळसाच्या झुडपात बसून होती. कान दिसत होते तिचे. तू बोलून राहिली होती तोपर्यंत थे हलली नाही. मंग सारे रेडिओ एकदमच चूप झाले. तवा थे उठली."

सुमनबाईने पदराने तोंड पुसले.

"आमच्याकडं दोन पावलं आली थे. रीतानं माहा हात धरला. कोनाच्या तोंडातून आवाज निंघत नव्हता. मंग तू माय म्हनली. थे थबकली. लय वेळ पाहत राहिली आमच्याकडं, आन् मंग खाली बसली."

हेमराजचा चेहरा उतरला. "उद्या पक्की जोडून टाकतो, काकी. आज लाईट नाही ना, सोल्डरची सळई तापनार कशी?"

"चुलीत तापव," सुमनबाई म्हणाली. "उद्या कायले? उद्या सकाळी आमाले पुन्हा जायचं हाय. मी इथंच बसून हाओ. माह्या डोऱ्यासमोर जोड."

आणि ती खरेच जमिनीवर बसली. तिने पाणी घेतले नाही, चहा घेतला नाही. शेजारच्या घरच्या चुलीत सळई लाल झाली, हेमराजने माझी मान उघडली आणि मला चटका बसला. मी घाबरलो, पण हललो नाही. जोडून झाल्यावर सुमनबाई उठली, तिने स्वतःच्या हाताने माझी वायर धरून गदगदा हलवली आणि लेकीला म्हणाली, "बोल." रत्नमाला बसलेल्या आवाजात बोलली. आवाज तुटला नाही. मग सुमनबाईने टोपले उचलले आणि ती घरी गेली.

मित्रांनो, तेवढ्या कामाला एक सळई, थोडे कथील आणि चहा निवायला लागतो तेवढा वेळ पुरला. तेवढा वेळ कुणाला मिळाला नव्हता, कारण धरून बोलले की भागत होते. तुमच्या घरी, शाळेत, गावात असे धरून भागवलेले काही असेल तर आजच बघा. ज्याच्या भरवशावर कुणी दूर उभे असते, त्याला उद्यावर टाकू नका.

माझी वायर आता पक्की आहे. धूळही रोज पुसतात. तरी पहाटे रत्नमाला मला जवळ ओढते तेव्हा मी पूर्वीपेक्षा जास्त घाबरतो. पूर्वी मला ठाऊक नव्हते, तिकडे कोण ऐकते. आता ठाऊक आहे. झाडाखाली बाया ऐकत असतात आणि त्यांच्या पलीकडे, पळसाच्या झुडपात, आणखीही कुणी कान देऊन बसलेले असते.